दोन पोटांची टाकी

पांढरकवडा,
ता. १२ जानेवारी १९६५

प्रिय पूनम,

तुहं पत्र भेटलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं पोस्टमननं दुसऱ्याच कोणाचं माह्या हाती देल्लं. उमरखेडच्या शाळेत शिपाई होऊन राह्यला म्हणे तू! एक तारखेपासून रुजू. वा रे वा! घंटा वाजवशीन, हेडमास्तरले पाणी देशीन, पोट्ट्यांनी सांडलेली शाई पुसशीन. ज्या हातानं पत्र्यावर एक सुरकुती न पाडता गोलाई काढली, त्या हातात आता घंटेचा टोला. अन् वरून मले, मोठ्या भावाले, हुकूम, का माहे हत्यारं विकून टाक अन् पत्रा ठोकाच्या मोगऱ्या कोणाले लागत असतीन त्याले दे. हत्यारं मी विकत नाही. तुले शिपायाची टोपी घालाची असंन तर घाल, डोकं तुहं आहे. फक्त त्या डोक्यात काही उरलं आहे का, ते टोपी घालायच्या आधी पाहून घे.

अन् हे सारं कोणापायी? त्या भगवानरावापायी! माणूस बुडाला तर नदीत तरी बुडावा, हा डबक्यात बुडाला. बाभुळगावच्या दोनशे एकरवाल्याचा एकुलता एक पोरगा, नागपूरले चार वर्षं कॉलेजात राह्यला, अन् घरी आणलं काय, तर एक कंगवा अन् एक इंग्रजी मासिक. ते मासिक आपल्या टिनाच्या शेडात त्यानं पोथीसारखं उघडलं होतं, आठवते ना? लंडनची पोट्टी, अंगात चामड्याचे कोट, मोटरसायकलवर पालथी पडलेली, अन् पोटाखाली पेट्रोलच्या त्या लांबोळक्या, चपट्या टाक्या. आपल्याले समजावून सांगे, का तिथं चहाच्या हॉटेलात नाणं टाकून बाजावर गाणं लावतात, गाडीले किक मारतात, पुढच्या चौकाले वळसा घालून गाणं संपायच्या आत परत येतात. म्या इचारलं, मंग चहा कधी पेतात? त्याले राग आला. तू खाली मान घालून हसला होता. तेवढी एक गोष्ट मले त्या दिवसाची आवडते.

त्याची गाडी कोणती, तर लष्कराच्या लिलावातली मॅचलेस. तिची टाकी चांगली होती, बोजड होती, पण लढाईतून आलती. मी स्वतः लढाईत जबलपूरच्या वर्कशॉपात असल्या शंभर टाक्यांचे पोचे काढले, मले माहीत आहे. पण याले ती म्हशीसारखी दिसे. याले पाहिजे हरणासारखी. पहिले म्हणे अल्युमिनियमची करा. म्या म्हटलं, भगवानराव, अल्युमिनियम म्हणजे आपलं जर्मन. तुमच्या घरी ज्या जर्मनच्या गंजात भात शिजते, तेच. त्याले डाख धरत नाही, गॅसनं जोडावं लागते, अन् आपल्या सडकेच्या हादऱ्यानं महिन्यात जोड उकलते. जर्मन म्हटल्याबरोबर त्याचं तोंड उतरलं. लंडनची टाकी अन् भाताचा गंज एकाच धातूचे, हे त्याले सहन झालं नाही. मंग पत्र्यावर आला. रंग लाल पाहिजे, त्यावर सोनेरी रेघ, अन् मधात सोनेरी ‘भ’. म्या इचारलं, ‘भ’ भगवानरावाचा का भाताचा? यावर तो माह्याशी बोलाचाच बंद झाला.

अन् तुह्याशी बोलाले लागला. मी तिथंच उभा, पण सारं तुह्याशी. मोठ्या मिस्त्रीचं, म्हणजे माहं, काम नाही हे, म्हणे, ते ट्रकच्या टाक्या ठोकतात, हे नाजूक काम पूनमच करीन. माह्याच शेडात, माह्याच भट्टीपुढं. तू पाह्यलं माह्याकडे, म्या हात झटकला, का कर बाबा, तुही इच्छा. मंग तू तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. ते ध्यान मले रोज पाहा लागे. वावरातली काळी माती भिजवून लाकडी ठोकळ्यावर थापली, अन् भगवानरावाले त्याच्यावर बसवलं, कायले, तर त्याच्या गुडघ्याचे ठसे घ्याले! पांढरी पॅन्ट घालून आलता तो. तासभर बसला, अन् उठला तेव्हा मागून कसा दिसे ते अजून या सडकेवरचे डायवर सांगतात. पण ठसे मात्र बरोबर उतरले. तू आपल्या आज्याच्या जुन्या गोणीचा तुकडा शिवून त्यात वाळू भरली, त्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं गुडघ्याचे खळगे ठोकले. तीन दिवस नुसती टक टक टक. मी ट्रकची टाकी ठोकून राह्यलो होतो, पण कान तुह्याकडे. मोगरी एकदाही चुकीची पडली नाही. हे तुले कधी सांगितलं नाही, आता तू शिपाई झालाच आहे तर सांगाले हरकत नाही.

मूर्खपणा तू कुठं केला, ते उमरखेडच्या पोट्ट्यांना शिकव, त्यांच्या कामी येईन. टाकी गाडीच्या पाइपावर खोगिरासारखी बसते, मधात घळ, दोन्हीकडे दोन पोटं. खालच्या अंगानं दोन्ही पोटं नळीनं जोडलेली पाहिजेत, का एका बाजूचं पेट्रोल दुसऱ्या बाजूच्या कॉकपर्यंत, म्हणजे तोटीपर्यंत, गेलं पाहिजे. हे ज्याले माहीत नाही असा मिस्त्री दुनियेत नसंन. पण तू मिस्त्री आधी नव्हता ना, तू आधी आज्याचा नातू. लहानपणापासून त्याचं एकच ऐकत आला, का बैलावर गोण लादाची तर दोन्ही कप्पे वेगळे शिवाचे, मधी उंच शिवण, इकडचा दाणा तिकडे सरकला का घाटात बैल कोलमडते. तू टाकी तशीच केली. वळणावर पेट्रोल एका बाजूले धावून गाडी पडू नये म्हणून घळ वरच्या पत्र्याच्या बोटभर खालीपर्यंत नेली, नळी ठेवलीच नाही, अन् कॉक एकच, उजव्या पोटाले. बाहेरून अशी टाकी, का लंडनवाल्यांनी तोंडात बोट घालावं. आत आज्याची गोण! अशी चूक दुसऱ्या कोणत्या मिस्त्रीले सुचलीच नसती. त्याच्या घरी बैल लादणारा आजाच नाही.

मंग तो दिवस. भगवानरावानं बाभुळगावले टाकी काठोकाठ भरली, यवतमाळवरून इथपर्यंत वारा पेत आला, अन् चौकात जाहीर केलं का पाटणबोरीच्या हॉटेलावर एस.टी.च्या आधी पोचतो अन् गाडी यायच्या आत चहा पेऊन दाखवतो. लंडनची शर्यत, अन् समोर कोण, तर भाजीची टोपली टपावर घेतलेली एस.टी.! निघायच्या आधी त्यानं झाकण उघडून पाह्यलं. पेट्रोल चमकून राह्यलं होतं, डाव्या पोटातलं. सहा मैलावर सागाच्या जंगलात गाडी बंद. किक मारून मारून त्याचा कंगव्यानं बसवलेला भांग मोडला. एस.टी. आली, बाजूनं गेली, सारे पॅसेंजर खिडकीतून डोके काढून पाहून राह्यले, अन् त्यातच बसला होता पाटणबोरीकडचा तो पाहुणा, ज्याच्या पोरीसंगं याची सोयरीक चालू होती. शेवटी एका ट्रकात गाडी घालून इथं आणली. मी सांगतो तुले, इतका हसलो नव्हतो मी कधी.

पण माणसासारखा माणूस असता तर घरी जाऊन तोंड धुतलं असतं. यानं काय केलं, ते तू विसरला नाहीस अन् मीही नाही. बाजाराचा दिवस, शेडापुढं पन्नास माणसं, आपली याडी, म्हातारी माय, दारात बसलेली, तुही धनीबाई पाण्याचा गुंड घेऊन उभी. म्या गाडी उजव्या अंगावर आडवी केली, डाव्या पोटातलं पेट्रोल घळीवरून उजवीकडे आलं, उभी केली, दुसऱ्या किकेत चालू. लोक वा म्हणाले. अन् भगवानराव तुह्याकडे पाहून बोलला, का लमाण्यानं गोणी शिवाव्या, बैल हाकावे, मशिनीले हात लावाले याले कोणी सांगितलं? पन्नास माणसं हसली. त्यातले निम्मे ज्यांच्या ट्रकच्या टाक्या याच लमाण्यांनी सांधलेल्या, तेही हसले. सारेच्या सारे! याडी अजूनही त्या दिवसाचं नाव निघालं का भगवानरावाले आपल्या बोलीत असं काही म्हणते, का ते लिहिलं तर पोस्टवाले पत्र जप्त करतीन. अन् मी? मी चिंधीले हात पुसत उभा राह्यलो. वरून त्याची जुनी टाकी त्याच दिवशी बसवून देल्ली. तू दुसऱ्या दिवशी धनीबाईले घेऊन सासरी निघून गेला.

इकडची खबर अशी. याडीचे गुडघे धरले आहेत, पण तोंड चालू आहे. भगवानरावाची सोयरीक मोडली. त्यानं मॅचलेस विकली अन् आता बापाच्या जीपमधी मागच्या सीटवर बसून फिरते, पेपर वाचल्याचं सोंग करत. तुही लाल टाकी शेडात खुंटीले टांगलेली आहे. मागच्या आठवड्यात जंगल खात्याचा नवा रेंजर आला, त्याच्याजवळ बुलेट आहे. म्या त्याले पेट्रोलची नळी बदलून देल्ली, तो मात्र मान वर करून टाकीकडेच पाहून राह्यला. कोणी केली म्हणे. म्या म्हटलं, भावानं. मले अशीच पाहिजे, म्हणे, फक्त लाल नको. म्या सांगितलं, भाऊ आता मोठा सरकारी माणूस झाला, घंटा वाजवते. त्याले ते कळलं नाही. मी करून देतो म्हणालो तर हो-नाही करत गेला. पुन्हा मोठा मिस्त्री कोणाले नको.

आता तुह्या पत्रातली ती ओळ. तू लिहिलं, का भियानं, म्हणजे म्या, हात लावून पाह्यली, झ्याक आहे म्हटलं, तरी टाकी फसली. म्हणजे, तू म्हणतो, भगवानराव बोलला तेच खरं, हे काम आपल्या हाताचं नाही. बाकी पत्र म्या दोनदा वाचलं, ही ओळ किती वेळा ते मोजलं नाही. यासाठीच लिहाले बसलो, अन् चार पानं दुसऱ्याले शिव्या देत आलो, कारण ते सोपं आहे. ऐक पूनम. तू रंग द्यायच्या आधी टाकी माह्याजवळ आणली होती, पालथी करून माह्या मांडीवर ठेवली होती. म्या घळीत बोटं घातली, ती सरळ वरच्या पत्र्याजवळ गेली. मले तिथंच कळलं. नळी नाही, कॉक एक. अर्ध्या दिवसाचं काम होतं, दोन भोकं अन् एक वीतभर नळी. तू माह्या तोंडाकडे पाहून राह्यला होता. माह्या डोक्यात आलं, का जाऊ दे, नाजूक कामवाला, एकदा पडू दे तोंडावर. अन् म्या म्हटलं, झ्याक आहे, लाव. म्हणून तर जंगलातून गाडी आली तेव्हा क्षणात आडवी केली. लोक वा म्हणाले तेव्हा मले बरं वाटलं. मंग त्यानं आपली जात काढली, तेव्हा तोंड उघडायची हिंमत माह्यात कुठून येईन? तुही चूक अर्ध्या दिवसाची होती. बाकीचं माहं आहे. मी त्या भगवानरावाच्याही खालचा निघालो, तो निदान तोंडावर बोलला. याडीले हे आज सकाळी सांगितलं, ती माह्यासंगं बोलून राह्यली नाही. तुले शाळेत जायचं असंन तर जा, पण हात चांगले नाहीत म्हणून जाऊ नको. अन् हे पत्र धनीबाईले वाचून दाखव. तिले अजून वाटते का तिचा नवरा चुकला.

तुहाच, तू म्हणू देशीन तर,
डोंगरसिंग