पिवळा दोरा, पांढरा दोरा

प्रिय अण्णा,

जय भीम.

आज दुपारी पेटीतल्या बॅगपाईपची मोठी नळी जोडातून उघडली आणि तेव्हापासून मी फरशीवरच बसून आहे. जे सांगायचं आहे ते फक्त तुम्हाला सांगता येईल, आणि तुम्ही नाही आहात. म्हणून लिहिते.

रविवारी कुळगावच्या विहारात तुमच्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम आहे. जांभूळहून साळवेकाका येणार आहेत. पलटणीच्या बँडमध्ये तुमच्या शेजारी इतकी वर्षं ड्रम वाजवलेला माणूस! त्यांचा फोन आला. "पोरी, भाषणं आटप लवकर. दादाचा सेट वाजव. तो आवाज एकदा कानात पडला की मी मोकळा. आपल्यात वर-बिर काय नसतं, पण चुकून भेटलाच तुझा बाप, तर त्याला काय सांगू?"

मी "हो काका" म्हटलं.

तुमचा सेट नाही आहे, अण्णा. तो मी फोडला. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

गेल्या वर्षी उल्हास नदी आपल्या मांजर्लीत शिरली तेव्हा तुम्ही अंबरनाथला दवाखान्यात होता, नाकात ऑक्सिजनची नळी. इकडे तळमजल्यावर मी एकटी. आधी माझी पुस्तकं वर नेली. मग प्रबंधाची टिपणं, मग माझ्या कॉलेजातल्या मुलांचे पेपर. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा मीही वर गेले. तुमची पेटी कॉटखाली होती. ती मला आठवलीच नाही! ज्या पेटीवर पाय लागला तर लहानपणी मी नमस्कार करायचे, ती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "पुस्तकं भिजली नाहीत ना?"

"नाही."

"आणि सेट?"

"वरच ठेवला होता."

"शहाणी."

तो शब्द अजून अंगावर आहे.

दोन दिवसांनी पेटी चिखलातून काढली. ओलं लाकूड कसं वाळवायचं हे मला माहीत नव्हतं असं नाही. सुती फडक्यात गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं, महिनाभर हात लावायचा नाही. हे तुम्ही जयंतीच्या पथकातल्या प्रत्येक पोराला सांगायचात, आणि मी प्रत्येक वेळी ऐकायचे. पण तुम्ही गुरुवारी घरी येणार होता. मी केस वाळवायचं मशीन लावलं. तीन तास. आधी बोटांनी वाजवायची नळी भोकाभोकातून तडकली. मग मोठी नळी वरपासून खालपर्यंत उभी फाटली. तिचा आवाज झाला, अण्णा. लहानसाच. तुमच्या उस्तादांनी निवृत्त होताना तुमच्या हातात दिलेला सेट, आणि त्याचा शेवटचा आवाज तो.

मग मी काय केलं? तुमच्याकडूनच शिकलेलं केलं.

उल्हासनगरला गेले, गुरमुखशेठच्या बँडच्या दुकानात. त्यांनी खोका पुढे सरकवला. "लो मॅडम, सेम टू सेम. आपके अण्णा इधरसेच ले जाते थे. बोलते थे, सेठ, कचरा दे, लेकिन सीधा कचरा दे." आणि हसले. मीही हसले. मला हसता आलं!

तुम्ही तसले किती सेट उभे केलेत. कच्चं शिसवाचं लाकूड, अंदाजाने पाडलेली भोकं, हवा सोडणारी पिशवी. भोकं बारीक कानशीने सरळ करायची, नळ्यांना आतून तेल पाजायचं, आवाज देणारी जुनी रीड फेकून नवी बसवायची. शेवटी जोड. खांद्यावरच्या तीन नळ्यांना मिळून चार जोड, आणि प्रत्येकाला मेण लावलेला पिवळा दोरा. तुम्ही गुंडाळायचात, मी समोर बसून रीळ धरायचे. "ताण सोडू नकोस, करू. तू सोडलंस की हवा सुटली."

आणि मग परीक्षा. मला भिंतीकडे तोंड करायला लावायचात. दोन्ही सेट उलटसुलट वाजवायचात, कधी आधी तुमचा, कधी दुरुस्त केलेला.

"कुठला कुठला?"

मी चुकायचे. तुम्हाला त्याचाच आनंद व्हायचा. काम फत्ते! पण मग सांगायचातही. "तिन्ही नळ्यांचा सूर एक झाला पाहिजे. दाब जरा हलला की स्वस्तातला सेट तीन तुकडे होतो. चांगला हलत नाही. कानाला कळत नसेल तर दाढेला विचार, थरथर तिथे कळते." तुम्हाला स्वतःला कधीच विचारावं लागलं नाही. तीन श्वासांत ओळखायचात, स्वयंपाकघरात असलात तरी.

हे माहीत असूनही मी तुम्हाला फसवायला बसले होते.

तुमच्या फुटलेल्या सेटच्या पांढऱ्या कड्या काढून नव्यावर चढवल्या. लाकडाला काळं पॉलिश दिलं. तुमची हिरवी मखमल धुऊन पिशवीवर शिवली. पिवळा दोरा तुमच्या कॉटखालच्या डब्यात असायचा, पण दोरा भिजून गेला असेल म्हणून पुरानंतर तो डबा मी उघडलाही नाही. शिलाईचा पांढरा दोरा घेतला आणि मेणबत्तीचं मेण. चारही जोड पांढरे.

तुम्ही घरी आल्यावर सहाव्या दिवशी म्हणालात, "सेट काढ." मी दारात उभी राहून वाजवला. तुम्ही डोळे मिटले होते आणि हात कॉटच्या लोखंडी दांड्यावर होता. माझा दाब हलला. तिन्ही नळ्या वेगळ्या झाल्या, मला स्वतःला ऐकू आलं. तुम्ही डोळे उघडले नाहीत.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"बरा आहे," तुम्ही म्हणालात. "नीट गुंडाळून ठेव."

मला किती सुटल्यासारखं झालं! आता कळतं. तुमच्या सेटला तुम्ही कधीच 'बरा' म्हटलं नव्हतं. 'बरा' हा शब्द गुरमुखशेठच्या मालासाठी होता.

त्यानंतर अकरा दिवसांनी तुम्ही गेलात. मी मनाशी धरून बसले की निदान तुम्हाला कळलं नाही. वर्षभर तेवढ्यावर उभी होते.

आणि आज रविवारच्या तयारीसाठी पेटी उघडली. बोटांच्या नळीवर, वरच्या भोकाच्या कडेला, कापून लावलेली पांढरी पट्टी. ऑक्सिजनची नळी गालाला चिकटवायची ती पट्टी. ते भोक चढ्या सुरात बोलत होतं. मला ते सुधारता आलं नव्हतं.

मग पहिला जोड उघडला. पिवळा दोरा. दुसरा. पिवळा. तिसरा, मोठ्या नळीचा. पिवळा, आणि टोक तुमच्या पद्धतीने आत खुपसलेलं. चौथा उघडला. पांढरा. माझा.

मी कॉलेजात असायचे तेव्हा केलंत का? कॉटखालचा डबा कसा ओढलात? तुम्हाला उशी सरळ करता येत नव्हती! रीळ कोणी धरलं? एका जोडाला किती वेळा थांबावं लागलं? आणि चौथ्यापाशी काय झालं, अण्णा? दुसऱ्या दिवसावर ठेवला होतात का?

तुम्ही ओरडला का नाहीत? पथकातल्या पोराच्या हातून साधी रीड तुटली तर अख्खी गल्ली ऐकायची. मला एकदा म्हणायचं होतं, "माझा सेट कुठे आहे?" मी सगळं सांगितलं असतं. पाय धरले असते. तुम्ही मला खोटं बोलू दिलंत आणि वर माझं खोटं दुरुस्त करत बसलात. हे प्रेम असेल तर मला पेलत नाही. तुम्ही अकरा दिवस तुमच्या सेटचं सुतक एकट्याने पाळलंत आणि मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते.

आता ऐका. तीन जोडांतला दोरा वर्षभरात वाळून सैल झालाय. फुंकून पाहिलं, हवा सुटते. तुमचाच नियम, दोरा दर वर्षी बदलायचा. सेट वाजवायचा तर तुमच्या हातचा दोरा काढायला हवा. ठेवायचा तर साळवेकाकांना सांगायला हवं की वाजत नाही. दुपारपासून तीनदा टोक शोधून नखात धरलं आणि सोडून दिलं. तुमच्या बोटांनी केलेलं शेवटचं काम आहे ते. मी पुस्तकं वाचवली, अण्णा. एवढा तरी दोरा वाचवू नको का?

तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ऐकू येतं. म्हणून तर रडू आवरत नाही.

तर शब्द देते. रविवारी विहारात फुटलेला सेट घेऊन जाईन. वर्षभर माळ्यावर साडीत गुंडाळून ठेवलाय. तो सगळ्यांसमोर ठेवीन आणि वाजवण्याआधी सांगीन की हा अण्णांचा, हा मी फोडला, आणि हातात आहे तो उल्हासनगरचा. साळवेकाकांना भिंतीकडे तोंड करायला लावणार नाही. ते उठून गेले तरी वाजवीन. दाब हलू देणार नाही.

आणि उद्या सकाळी चारही जोड उघडीन. तिन्ही पिवळे उलगडीन, चौथा पांढराही. डब्यात तुमचं रीळ अजून शिल्लक आहे, चार जोडांना पुरेल. धरायला कोणी नाही. पायाच्या अंगठ्यात अडकवीन. ताण सोडणार नाही.

तुमची,
करू