हवा काही निघेना

२० एप्रिल, सोमवार
ही बहिणीकडे चालली. कायमची! शिलाई मशीनसकट. कारण काय, तर मी भंगारातून आणलेला जादा गिअरबॉक्स पुढच्या खोलीत ठेवला आणि तिचं मशीन पडवीत सरकवलं. न विचारता. "गिअरबॉक्स काय अंगणात गंजू द्यायचा?" असं वर विचारलं, ती दुसरी चूक.

मशीन पायाने चालवायचं, सगळं लोखंडी. जायचं तर माझ्याच ट्रकमधून. आणि ब्रेक असा, की पेडल दाबलं तर पाय उशीत रुतावा तसा खाली जातो. वाटेत मोठा उतार. म्हटलं, ब्रेक नीट झाल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर जाणार नाही.

"मग करा नीट."

म्हणजे बायको घर सोडून जाणार, आणि तिची गाडी मीच तयार करून द्यायची. घ्या!

२१ एप्रिल
ब्रेकच्या नळीत हवा शिरली आहे. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारकी तोटी, पान्याने सैल करायचं. ऑईलबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल परत आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, उचलला की हवा पुन्हा आत. घरात माणसं दोनच, आणि त्यांच्यात अबोला!

तरी बसली केबिनमध्ये. मी खाली, मातीत आडवा.

"दाबला?"

"धरला."

दिवसभरात एवढंच संभाषण. कालच्यापेक्षा बरंच म्हणायचं.

चारही चाकं झाली. पेडल जैसे थे.

२२ एप्रिल
परत पहिल्या चाकापासून. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला फाटकातून डोकावला. "काका, माझ्याकडे आणून टाका, तासाभराचं काम." मी तोंड उघडायच्या आत केबिनमधून आवाज — "काही नको. ते करतायत ना घरी."

माझी बाजू घेतली, की मला टोमणा मारला? कळलं नाही.

२३ एप्रिल
ऑईलचा आणखी एक डबा संपला. पेडल म्हणजे उशी ती उशीच.

२४ एप्रिल
मेहुणीचा फोन. स्पीकरवर होता, मी ऐकलं. "ताई, मशीनसाठी खिडकीजवळ जागा केलीय. कधी निघतेस?"

"हवा निघाली की निघते."

जेवण गेलं नाही. तिने जाऊ नये असं मला वाटतं. तोंडावर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहितोय. गिअरबॉक्स अजून पुढच्या खोलीतच आहे. उचलला तर हार मानल्यासारखं होईल ना! आमच्या घराण्यात पडलो तरी नाक वर.

२५ एप्रिल
आज पारदर्शक नळी लावून नीट बघितलं. बुडबुडे बाहेर येतात आणि मी निपल आवळायच्या आधीच मागे फिरून आत जातात. म्हणजे पाय तेव्हाच वर! तोंडाने "धरला" म्हणते आणि सोडून देते. असा संतापलो! पाना आपटून ओरडणारच होतो.

मग डोक्यात उजेड पडला. अर्धं आयुष्य मशीनवर काढलेली बाई. ऐन कोपऱ्यावर टाका थांबवते ती पायाने. तिचा पाय चुकेल?

मुद्दाम विचारलं, "धरलाय ना?"

"धरलाय की," वरून. अगदी बिनधास्त.

मी निपल आवळलं. कितीतरी वेळ ट्रकखालीच पडून राहिलो. हसूही येत होतं, आणि डोळेही भरले होते.

२६ एप्रिल, रविवार
सकाळी गिअरबॉक्स पडवीत ओढला. कंबर धरली. मशीन पुसून पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, होतं तिथे ठेवलं. तिने बघितलं. चहा झाल्यावर आपणहून केबिनमध्ये जाऊन बसली.

"दाबला?" "धरला."

आणि खरंच धरला! चारही चाकं. पेडल दगडासारखं टणक.

संध्याकाळी मेहुणीचा फोन. ही दोरा ओवता ओवता बोलत होती — "नाही गं, कसली येतेय! ह्यांना ब्रेक काही जमत नाहीत."