शेजारणीचा वळू

बॅलिनाकर, रॉसकॉमन
११ जून १९७९

ती. उनाताईस,
मॅलकीचा शि. सा. नमस्कार.

ताई, तुझ्या त्या जिवलग मैत्रिणीने, डीलियाने, माझं डोकं फिरवलंय. मंगळवारी तिचा पांढरा, दांडग्या शारोले जातीचा वळू पडक्या बांधावरून माझ्या कुरणात शिरला, आणि रुआ नेमकी माजावर. पहिलटकरीण कालवड, अजून अंगही भरलेलं नाही, म्हणून मी तिच्यासाठी काळा अँगस जातीचा वळू ठरवला होता. त्याची वासरं लहान, सुटायला सोपी. आता पोटात या धिप्पाडाचं वासरू वाढणार. अडली तर मायलेकरं दोन्ही जातील, आणि माझ्या तीन कालवडींत तीच खरी देखणी.

जाब विचारायला गेलो तर डीलिया म्हणते, तुझ्याच पोरीने डोळा मारला, आमचा बिचारा भोळा आहे. मी टोपी घातली आणि परत फिरलो. आता तिच्याशी बोलणं बंद. चर्चला जातानाही रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालतो.

गुडघा सांभाळ, आणि या धाकट्यावर माया राहू दे.
तुझा मॅलकी

लीड्स
२० जून १९७९

प्रिय डीलियास,
स. न. वि. वि.

आमच्या येड्याचं पत्र आलं. बाई, तुझे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली, तो तर जन्माचा एकटा. म्हणून काहीतरी निमित्त काढून त्याच्याकडे जात जा, असं मी लिहिलं होतं. केक पाठव म्हटलं होतं, वळू नव्हे.

मला खरं सांग, बांध आपसूक पडला की कुणाचा हात लागला? रुआला फार चारू नकोस म्हणून त्याला लिहिते; वासरू आणखी फुगायला नको. तिची वेळ भरली की घरातच थांब. किती अडलेल्या गाई तू सोडवल्यास, हे त्याला ठाऊक आहे. कबूल करताना मात्र त्याचे दात दुखतात.

भेटीची ओढ आहेच.
तुझी उना

बॅलिनाकर
१७ मार्च १९८०

ती. उनाताईस,
शि. सा. नमस्कार.

रुआ काल व्याली. चर्चहून आलो तर पुढचे दोन खूर बाहेर, नाक दिसतंय आणि पुढे काही सरकेना. गुरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी अडकलेले. तासभर मी एकट्याने खटपट केली. रुआने मान टाकली तेव्हा मानापमान गुंडाळून डीलियाकडे पळालो.

ती चर्चच्या कोटातच आली. कोट खुंटीला टांगला, कोपरापर्यंत साबण लावून हात आत घातला, खुरांच्या वर दोऱ्या बांधल्या. मला दटावलं, की रुआ कळ देईल तेव्हाच ओढायचं, घाई असेल तर बाहेर जाऊन उभा राहा. डोकं सुटायला अर्धा तास गेला. वासरू पडलं ते निपचित. तिने नाकपुडीत गवताची काडी फिरवली, तसं ते शिंकलं. पांढराशुभ्र गोऱ्हा आहे, आणि रुआ त्याला चाटून चाटून दमली.

मी बादली पालथी घालून तिच्यावर बसलो आणि रडलो, हे कुणाला सांगू नकोस. डीलियाने पाहिलं. एक टोमणाही मारला नाही, तेच जास्त लागलं.

आशीर्वाद असू देत.
तुझा मॅलकी

बॅलिनाकर
२४ मार्च १९८०

प्रिय उनास,
स. न. वि. वि.

जूनमध्ये विचारलं होतंस, त्याचं उत्तर आज देते. बांध आपसूकच पडला. पण वळू पलीकडे जाताना मला खिडकीतून दिसला, आणि मी हातातला चहा संपवूनच उठले. भांडायला का होईना, मॅलकी दारात येईल, एवढंच डोक्यात होतं. रुआ व्याली त्या रविवारी तिचे डोळे पांढरे झालेले पाहिले आणि माझी मलाच लाज वाटली. मंगळवारी गोऱ्हा बघायला गेले तेव्हा त्याला सगळं सांगून टाकलं. तो तडक गोठ्यातून निघून गेला.

चार दिवस फिरकला नाही. शनिवारी आला, केस चापून बसवलेले. म्हणाला, माझा राग वर्षभर तरी टिकेल, पण रोज ओरडायला एवढं लांब चालवत नाही; तेव्हा तूच माझ्याकडे राहायला आलीस तर सोयीचं पडेल.

मी रविवारपर्यंत विचार करते म्हणाले, आणि काल आणखी एक आठवडा मागून घेतला. हो म्हणायचं तर ठरलंय. तोवर त्यालाही थोड्या कळा येऊ देत.

आहेस तशीच माझी राहा.
तुझी होणारी भावजय (त्याला इतक्यात कळवू नकोस),
डीलिया