चादरींची इमारत

हाल्टेनबाख,
सेंट योहानच्या सणानंतरचा मंगळवार

ती. वेरेनाताईस,

क्लेमेन्झचा नमस्कार. तुझी आणि भाऊजींची प्रकृती उत्तम राहो, अशी प्रार्थना मी रोज संध्याकाळी चॅपेलची घंटा वाजवताना करतो (सकाळची घंटा गवतासाठी राखून ठेवली आहे, म्हणून तुमचा नंबर संध्याकाळी लागतो, गैरसमज नसावा). भाऊजींच्या गुडघ्याने थंडीत त्रास दिला होता, आता कसा आहे ते कळव. इकडे मार्ग्रिट ठीक आहे, गाई ठीक आहेत, आणि आईचा आवाज तर पूर्वीपेक्षा ठणठणीत आहे. तो किती ठणठणीत आहे हे परवा अख्ख्या गावाला कळलं, तेच सांगायला बसलो आहे.

चॅपेलखालचं कुरण बिगरशेती करून तिथे चार मजली इमारत उठवायची, असं सरपंचांच्या मनात आलं आहे, हे तू बाझेलमध्ये ऐकलंच असशील. कुरण गावाच्या मालकीचं, शेतीसाठी राखीव, आणि आजोबांपासून तिथलं गवत खंडाने आपण कापतो. मी भांडणारा माणूस नाही, हे तुला ठाऊक आहे. पण मे महिन्यात शेतांना आशीर्वाद मागायची मिरवणूक त्याच कुरणातून जाते, झेंडा माझ्या हातात असतो आणि दवाने पँट गुडघ्यापर्यंत भिजते. ते भिजणं मला वर्षभर पुरतं. तीच मिरवणूक उद्या गाड्यांच्या पार्किंगमधून न्यायची म्हटल्यावर माझ्याने राहवलं नाही आणि मी विरोधकांच्या समितीत गेलो. तिथे बाकी सगळ्यांना बोलायचं होतं आणि लिहायचं कुणालाच नव्हतं, म्हणून मी चिटणीस झालो.

समितीचे अध्यक्ष डॉ. फ्रायमुट, झ्युरिकचे निवृत्त दंतवैद्य. शेजारच्या कुरणात काचेचं घर बांधलंय ते हेच (ते कुरणही असंच बिगरशेती झालं होतं, पण तो विषय समितीत निघत नाही). आल्या आल्या त्यांनी आमच्या गाईंच्या घंटांविरुद्ध अर्ज केला होता आणि मी मुकाट्याने घंटा उतरवल्या होत्या. आता एका सकाळी गोठ्यात येऊन म्हणाले, "क्लेमेन्झ, घंटा कुठे गेल्या? बांधा, बांधा! गावाचं गावपण कानावर पडलं पाहिजे."

मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्याच अर्जामुळे काढल्या."

"तेव्हा प्रश्न माझ्या झोपेचा होता. आता संस्कृतीचा आहे."

बांधल्या. गाईंची सवय मोडलेली. आपल्याच गळ्यातला आवाज ऐकून त्या पळत सुटल्या आणि संस्कृतीसकट डॉक्टरांच्या गुलाबांत जाऊन उभ्या राहिल्या.

इतक्यात बिल्डरच्या माणसांनी कुरणात खांब रोवले. इमारत किती उंच नि किती रुंद होणार हे गावाला आधी दिसावं म्हणून आपल्याकडे खांब रोवतात, तसे. पण खांब बघून कुणाचंच काळीज हललं नाही. ओटिलियाकाकू तर म्हणाल्या, "वाल चढवायला चांगले आहेत." तेव्हा डॉक्टरांना कल्पना सुचली (आणि मी ती इतिवृत्तात लिहिली, म्हणजे पाप माझंही आहे) की खांबांना कापड बांधून अख्खी भिंतच उभी करायची. ग्रामसभेच्या आदल्या रविवारी, चॅपेलमधली मिसा आटोपून लोक बाहेर पडले की समोर हा राक्षस दिसला पाहिजे. घरोघरच्या चादरी गोळा केल्या. मार्ग्रिटने आणि बायकांनी त्या शिवल्या. आम्हा दोघांच्या लग्नातली निळ्या काठाची चादरही गेली, असं मला नंतर भिंतीच्या दुसऱ्या मजल्यावर ती दिसली तेव्हा कळलं.

भिंत उभी राहिली. खरंच राक्षस होता, ताई. रस्त्यावरून चॅपेलचा मनोरा दिसेना. मी मनात म्हटलं, देवा, आता तूच बघ; मग लक्षात आलं की त्यालाही बघायला मधे चादर आहे.

आणि त्या रविवारी इतकं ऊन पडलं, की दहा वाजताच डांबर चपलेला चिकटायला लागलं. मिसा संपली (फादरांनी प्रवचन असं दिलं की दोन्ही बाजूंनी त्यांचे हात प्रेमाने दाबले). लोक बाहेर आले, क्षणभर वर बघून "अरे बापरे" म्हणाले आणि मग एकेक करून भिंतीमागच्या सावलीत जाऊन उभे राहिले. अख्ख्या गावात तेवढीच गार जागा होती. कुणीतरी बाकं आणली, कुणी पांढरी वाइन, कुणी चीज. आईलाही काठी टेकत नेऊन बसवलं. तासाभराने मी विरोधाची पत्रकं वाटत तिथे पोचलो, तर म्हाताऱ्यांनी खांबांच्या आत घरं वाटून घ्यायला सुरुवात केली होती!

"हे माझं स्वयंपाकघर," ओटिलियाकाकू काठीने गवतावर रेघ ओढत होत्या.

"मग माझ्या पलंगात तुझी चूल येते की! सरक तिकडे," आई म्हणाली. "आणि लिफ्ट इथे. दाराशीच पाहिजे."

"आई, ही इमारत होऊ नये म्हणून आम्ही हे कापड बांधलंय," मी हळूच म्हणालो.

"बांधलंस ते छान केलंस. नाहीतर कुठे काय येणार हे कळलंच नसतं. आता बाजूला हो, तू माझ्या न्हाणीघरात उभा आहेस."

मी बाजूला झालो. पत्रकं तशीच हातात राहिली.

हिवाळ्यात आई जिन्यावरून पडली, तेव्हापासून ती खाली शेगडीजवळच्या बाकावर झोपते, हे मी तुला कळवलं होतं. वरच्या खोलीत ती त्यानंतर गेलेली नाही. गावात बिनजिन्याचं घर एकही नाही. म्हणून खालच्या शहरातल्या वृद्धाश्रमात तिचं नाव घातलं आहे, आणि नाव घालताना ती काहीच बोलली नाही, त्याला मी होकार समजलो. तिला कुठे राहायचंय हे मी विचारलंच नव्हतं. गवताला काय वाटेल, बेडकांना काय वाटेल, याची समितीत तीनदा चर्चा झाली होती.

ग्रामसभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. आधी कुत्र्यांच्या घाणीसाठी डबे कुठे ठेवायचे यावर इतका कडाक्याचा वाद झाला, की कुरणाचा विषय येईपर्यंत अर्धे विरोधक धारा काढायला घरी गेले होते. गाई काही ग्रामसभेसाठी थांबत नाहीत. मीही निघणार होतो, पण आमच्या रांगेतले हात मोजायचं काम सरपंचांनी माझ्याकडे दिलं होतं. "बाजूने कोण?" त्यांनी विचारलं. पहिला हात आईचा वर गेला. मागोमाग ओटिलियाकाकूंचा, मग सगळ्या म्हाताऱ्यांचा. मी मान खाली घालून भराभर मोजत पुढे सरकलो, तेवढ्यात आईचा आवाज व्यायामशाळेच्या छतापर्यंत गेला, "क्लेमेन्झ! मला धरलंस का? नाहीतर दुसराही वर करते!"

धरलं, ताई. ठराव मंजूर झाला. डॉ. फ्रायमुट माझ्याकडे असे बघत होते, जणू माझी दाढ त्यांच्या चिमट्यात आहे.

तरी समिती खचलेली नाही. वरच्या कचेरीत हरकत दाखल होणार आहे. इमारत अडवता येत नसेल, तर निदान सगळ्यात वरचा मजला उडवावा, म्हणजे मनोरा रस्त्यावरून दिसत राहील, अशी त्यात मागणी आहे. मसुदा मीच लिहिला आणि चांगला उतरला आहे. शुक्रवारी चिटणीस म्हणून सही करायची आहे. कुरणासाठी एवढं तरी माझ्या हातून व्हावं, अशी प्रार्थना कर.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ,
क्लेमेन्झ

ता. क. एक नाजूक काम आहे. त्या इमारतीतलं तळमजल्याचं एक घर आईसाठी धरून ठेवायला बिल्डरला तू लिहिशील का? तुझं आडनाव आता वेगळं आहे, कुणाच्या लक्षात येणार नाही. माझ्या नावाने लिहिणं हरकतीच्या आठवड्यात बरं दिसत नाही.

ता. क. २. घाई कर. डॉ. फ्रायमुटांच्या सासूबाईंसाठी एक घर आधीच धरलेलं आहे, असं मार्ग्रिटला दूध संस्थेत कळलं.

ता. क. ३. आईने पत्र वाचलं. तळमजला नको म्हणते. लिफ्ट असताना तळमजल्यावर राहायला ती काय वेडी आहे? तिला सगळ्यात वरचा मजला हवा आहे. तिथून चॅपेल खिडकीत येतं, आणि मी घंटा वेळेवर वाजवतो की नाही तेही दिसेल. हरकतीचा कागद टेबलावर आहे. पेन तिने एप्रनच्या खिशात घातलं आहे, आणि हे शेवटचं मी पेन्सिलने लिहितो आहे.