चिदंबर सायकलवर असताना मी गेलो तर

मी शेषगिरीराव, वडिलांचे नाव कल्याणरामराव, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा सायकली भाड्याने देणे व दुरुस्त करणे, राहणार पश्चिम राजवीथी, तंजावर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणतात, माझे हृदय वाजवीपेक्षा मोठे झाले आहे. माझी बायको अलमेलु म्हणते, "इतकीं वर्षं मग कोठें लपवलं होतं?" हृदयाचे काय ते असो, डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी गोड बोलून लिहवूनही घेतलेले नाही. आमच्या घरात गोड बोलण्याची चाल फारशी नाहीच.

मराठीत लिहितो, कारण मनातले मला याच भाषेत लिहिता येते. माझा एकुलता मुलगा चिदंबर याला मराठी सगळी समजते, पण देवनागरी वाचता येत नाही. तेव्हा माझ्यामागे हा कागद त्याला माझा धाकटा भाऊ वैद्यनाथ याने वाचून दाखवावा. वैद्यनाथ तिरुवैयारुला मुलांना फिडल शिकवतो. गेली दहा वर्षे तो माझ्याशी बोलत नाही. मी समोर बसलेला असलो तरी अलमेलुला म्हणतो, "अण्णाला सांग, सणाला येतों." तरीही हे काम त्यालाच, कारण माझ्या बाजूने तो एक अक्षर इकडचे तिकडे करणार नाही.

कलम १. राहते घर अलमेलुचे. मागच्या दोन खोल्यांतल्या भाडेकऱ्याला तिने पाहिजे तर ठेवावे, पाहिजे तर काढावे. माझ्या भिडेने कोणालाही ठेवू नये. माझी भीड मी जिवंत असतानाच कोणी धरली नाही.

कलम २. दुकान, भाड्याच्या सायकली, पान्हे, पंप, चाके सरळ करायचा लोखंडी घोडा, सगळे चिदंबरचे. एक सूचना. कोपऱ्यावरच्या वेंकटरमणाने माझी सायकल घंटी काढून परत केली आणि घंटी नव्हतीच म्हणून कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, शपथ घेतली. त्याला सायकल द्यावी, पण घंटीची देऊ नये. पिळ्ळैयार काय ते बघून घेईल.

कलम ३. आईचे तांब्याचे गंगाळ वैद्यनाथचे. त्याच्यावर माझा हक्क तेव्हाच गेला. कसा गेला ते पुढच्या कलमात येते.

कलम ४. काळी सायकल. हिच्यावर मी न उतरता चालवण्याचे खेळ केले. तंजावरात, मन्नारगुडीला, कुंभकोणमला, जिथे मैदान आणि दोन बांबू मिळाले तिथे. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी लिहितो. दोरीच्या गोलात रात्रंदिवस फिरायचे, पाय जमिनीला लागला की खेळ संपला. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, अंघोळीला माणसाने बरोबर पळत डोक्यावर घागर ओतायची. झोप म्हणजे हनुवटी छातीला लावून चार फेऱ्या. बाकीच्या गरजांना चार जण गोणपाट धरून बरोबर चालत, आणि त्या वेळी लाउडस्पीकरवर गाणे जरा मोठे करत. काही दिवसांनी पाय आपले राहत नाहीत. मांडीला चिमटा घेतला तर शेजाऱ्याला घेतल्यासारखा वाटतो. बसायची जागा सोलून निघते. लोक म्हणतात, कशासाठी हे? खरे सांगतो, खाली असताना मी भाड्याच्या सायकलींचे पंक्चर काढणारा होतो, आणि वर असताना सारा गाव माझ्याभोवती जागा राहत होता.

सन १९५३ च्या उन्हाळ्यात आपल्याच गावात खेळ लावला. आईला ताप होता. "जा, मला काय झालंय," असे ती म्हणाली आणि मला ते ऐकायचेच होते. पहिल्या फेरीला मी लाउडस्पीकरवर काय बोललो ते गावात सर्वांना ठाऊक आहे, तरी लिहितो: "आमच्या घरांत कोणी मेलं तरी शेषगिरी उतरणार नाहीं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शुभ बोल नाऱ्या म्हणायला तिथे कोणी नव्हते. मैदानापासून घर जवळ. खिडकी उघडी होती, आईने ते ऐकले.

पाच-सहा दिवस गेले असतील. दुपारी दोरीपाशी वैद्यनाथ दिसला. ओला पंचा, उघडे अंग. माझ्या खेळाला तो 'माकडचेष्टा' म्हणत असे, एकदाही आला नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, "वा, वा." आमच्या घरात, त्यातून गाणेबजावणे करणाऱ्याच्या तोंडी, वा म्हणजे शाबास. रस्त्यावर, तमिळमध्ये, वा म्हणजे ये. आम्ही दोन्ही भाषा एकाच ताटात कालवून जेवणारे. मला 'ये' म्हणायचे तर तो 'ये' म्हणाला असता असे मी धरून चाललो. त्या दिवशी सकाळपासून घरात तमिळ शेजारीपाजारी भरले होते आणि त्याच्या जिभेवर तीच भाषा बसली होती, हे मला कुठून कळावे? मेल्याची बातमी गर्दीत ओरडून सांगत नाहीत, म्हणून तो तेवढेच बोलला. आणि मला काय झाले? आनंद झाला. धाकट्या भावाने शेवटी मला वा म्हटले! मी दोन्ही हात सोडून एक फेरी मारून दाखवली.

दुसऱ्या दिवशी हार घालून मला उतरवले, तेव्हा आईच्या अस्थी गोळा करून झाल्या होत्या. थोरला मुलगा मी. अग्नी वैद्यनाथने दिला.

शब्दाचा घोटाळा झाला असे सगळे म्हणतात, माझी समजूत घालतात. पण ओला पंचा शब्द नव्हता. तो मी पाहिला होता. ऊन आहे, बुडी मारून आला असेल, असे मनाला सांगितले. त्यानंतर त्या सायकलवर मी बसलो नाही आणि ती विकलीही नाही. तेल मात्र नेमाने घालत आलो. चिदंबरने ते पाहिले, इथे माझी आणखी एक चूक झाली. आता ती सायकल कोणाला द्यावी ते लिहायला नको, त्याने ती न विचारता काढली आहे.

कलम ५. येत्या पोंगलपासून चिदंबर पापनाशमला खेळ लावतो आहे. माझ्यापेक्षा जास्त दिवस चालवणार म्हणून भिंतीभिंतीवर कागद लागले आहेत. डॉक्टरांचे बोलणे त्याच्या कानांवर आहे. परवा चेनला ग्रीस लावता लावता म्हणाला, "अप्पा, पोकवेण्डाम सांग, नाहीं जात."

मी जाऊ नको म्हणालो नाही. म्हणायला तोंड कुठे आहे? आणि खोटे कशाला लिहू, पोराने माझा आकडा मोडावा असेही आत कुठेतरी वाटते. त्याची मला शरम वाटते, पण वाटते.

~~म्हणून माझी अशी आज्ञा आहे की, चिदंबर सायकलवर असताना मी गेलो तर त्याला कोणीही कळवू नये, बोलावू नये, दोरीपाशी जाऊन उभे राहू नये. अग्नी वैद्यनाथने द्यावा. आईला जे माझ्याकडून मिळाले तेच मला माझ्या मुलाकडून मिळावे, हा न्याय आहे.~~

वरील आज्ञा आज सकाळी मीच खोडली आहे. खाडाखोडीवर पुढे कोणी शंका काढू नये म्हणून कारण लिहितो.

निवृत्त वकील बाळकृष्णराव यांनी मला कायदा सांगितला की, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. वैद्यनाथला अलमेलुकडून विचारले, गंगाळ पाहिजे की सही करतोस? तो म्हणाला, "तांबं काय करायचं आहे, सही करतों." मी मनात म्हटले, आईची वस्तूसुद्धा माझ्या हातून नको! तेव्हा कलम ३ रद्द समजावे, गंगाळ घरातच राहील. आज सकाळी तो आला, चष्मा पुसला आणि उभ्यानेच कागद वाचला. पाचव्या कलमावर थांबला.

"यावर मी सही करणार नाहीं," तो म्हणाला. अलमेलु खोलीत होती. तिच्याकडे न बघता तो माझ्याकडे बघून बोलला.

"कां? न्याय नाहीं का?"

"अण्णा, तेव्हां मी किती वेळां हाक मारली?"

"एकदां."

"एकदांच. तूं फेरी घेऊन परत येईपर्यंतही थांबलों नाहीं. थांबलों असतों, हँडल धरलं असतं, तर तूं उतरला असतास. तूं गर्विष्ठ आहेस, राक्षस नाहींस. आई सगळ्या तापांत 'शेषू आला कां, शेषू आला कां' करत होती. पाय मी चेपत होतों आणि ती शेषू म्हणत होती. मला वाटलं, निदान अग्नी तरी मी देईन. तूं हात सोडून हसलास, तेव्हां मला कळलं होतं कीं तुला कळलं नाहीं. तरी वळलों."

अलमेलु कॉफी घेऊन उभी होती. तिने पेले खाली ठेवले आणि आत निघून गेली.

दहा वर्षे वाहिलेले ओझे अर्धे दुसऱ्याचे निघाले, म्हणजे हलके वाटायला हवे. तसे झाले नाही. आधी त्याचा भयंकर राग आला. मग माझे मलाच कळले की आई ज्याला विचारत होती तो मैदानावर टाळ्या घेत होता, आणि वैद्यनाथने काहीही कबूल केले तरी त्यात फरक पडत नाही. शिक्षा म्हणून जे मी चिदंबरकडून मागत होतो, ती शिक्षा माझी नव्हती. ती त्याला जन्मभर पुरली असती. मी गेलेला असतो, सुटलेला असतो. अपराध माझा आणि फेड मुलाकडून, असा कागद मी लिहीत होतो आणि त्याला न्याय म्हणत होतो!

तेव्हा आता कलम ५ असे वाचावे.

चिदंबर सायकलवर असताना मी गेलो तर वैद्यनाथने स्वतः पापनाशमला जावे. दोरीबाहेर उभे राहू नये. आत शिरून हँडल धरावे आणि स्वच्छ मराठीत, मोठ्याने सांगावे, "तुझा बाप गेला. खालीं उतर." लोकांना अशुभ वाटले तर वाटो.

हे मी लिहीत असता वैद्यनाथने विचारले, "आणि नाहीं उतरला तर?"

माझा मुलगा आहे, न उतरण्याचा संभव आहे.

नाही उतरला तर वैद्यनाथने अग्नी द्यावा. नंतर, अंगावरचा ओला पंचा असेल तसाच, पुन्हा पापनाशमला जावे, त्याच्या सायकलबरोबर चालावे, त्याला ताक पाजावे आणि त्याच्याशी बोलावे. काय बोलायचे ते मी सांगत नाही. पण बोलणे सोडू नये. एक दिवससुद्धा सोडू नये.

हे वाचून, समजून, खाडाखोडीसह कबूल करून सही केली.

शेषगिरीराव कल्याणरामराव
तंजावर, ता. ९ जानेवारी १९६४, गुरुवार

आम्हां दोघांच्या समक्ष सही केली, आम्ही त्यांच्या समक्ष केली:

१. बाळकृष्णराव, निवृत्त वकील, तंजावर
२. वैद्यनाथ कल्याणरामराव, तिरुवैयारु. कलम ५ मी अण्णाला मोठ्याने वाचून दाखवले. अण्णा रडला. मीही.