गेजमधला बुडबुडा

सोनिका,

तुझ्या गाडीत मी बसवलेलं ऑइलच्या दाबाचं ग्लिसरीन भरलेलं गेज तू भंगारात टाकलंस! मैत्रिणीला फोनवर सांगत होतीस, “आत बुडबुडा आहे, मालच खराब निघाला.” काहून वं, मला विचारायला जीभ झिजली असती? तो बुडबुडा मुद्दाम ठेवतात. ग्लिसरीन तापून फुगलं की त्याला जागा लागते. खाणीतल्या पंपांवर तीस वर्षं मी अशीच गेज वाचली.

तुझं कोरडं गेज लावून मघाशी इंजिन चालू केलं. हादरे शोषायला आत ग्लिसरीन नाही, म्हणून काटा इतका थरथरला, की दाब दिसेचना. रविवारी शर्यतीत ऑइलचा दाब पडला, तर तुला कळणार केव्हा? वळणावर इंजिन जाम झाल्यावर?

माझं गेज भंगारातून काढलं आहे. ते परत बसवायला लागणारं वॉशर आणायला इतवारी बाजारात जातो. तुझं टीव्हीवर ठेवलं आहे, शोभेला चांगलं आहे. गाडीची चावी शोधू नकोस, ती माझ्या खिशात आहे.

आबाजी