फोन गाडीला जोडला आहे, माय

माय, तुझ्या आयुष्यात फोन कधी आलाच नाही, त्यामुळे हे कुठून सांगायला घ्यावं ते मला समजत नाही. तू कापसाच्या ज्या जिनात कामाला होतीस, तिथल्या ऑफिसात एक काळा फोन होता आणि तो वाजला की मुकादम चपला बाहेर काढून आत पळायचा, एवढं तू सांगितलेलं आठवतं. आता तसला एक माझ्या खिशात असतो. तो वाजला की माझीही छाती त्या मुकादमासारखीच धडधडते. हिरवं गोल कोणत्या बाजूला सरकवायचं ते ऐन वेळी आठवत नाही, घाईत बोट लालवर पडतं, आणि तेल्हाऱ्याहून तुझी धाकटी पुन्हा फोन लावून ओरडते, "दादा, तू फोन कापतो काहून? मी काय कर्ज मागून राहिली का तुले?" ती आता आजी झाली आहे, पण आवाज तुझाच आहे. जिनात काम करणाऱ्या बाईचा आवाज, मशीनच्या वरून जाणारा.

मी आता अकोल्यात आहे. लहानपणी ज्या गावातून अमरावतीला कापडाच्या दुकानात कामाला गेलो, त्याच गावात परत आलो, पण जठारपेठेत, पोराच्या घरी. घर चांगलं आहे. माझी खोली रस्त्याच्या बाजूला आहे. बायको गेल्यावर अमरावतीच्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटाच राहत होतो. मागच्या हिवाळ्यात चक्कर येऊन मोरीत पडलो आणि पोरानं मला इकडं आणलं. मग म्हणाला, "बाबा, ती जागा विकून टाकू का? तुमी आता इथंच राहा." त्यानं दटावलं नाही, विचारलं. सून तिथंच भाजी निवडत बसली होती. मी म्हटलं, "हो." मला नाही म्हणायचं होतं. आतून नाही असं वर येत होतं आणि तोंडातून हो निघालं. दुकानात मी आयुष्यभर गिऱ्हाईकाशी बोललो, पण ते कापडाचं थान उलगडून दाखवायचं बोलणं. स्वतःचं काही सांगायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. रात्रभर मला त्या दोन खोल्या दिसायच्या, स्वयंपाकघराची खिडकी, तिच्यापुढचा ओटा, शेजारणीचा "काका, दूध आणू का?" असा आवाज. सकाळी पोरगा विचारायचा, "झोप झाली?" मी म्हणायचो, हो.

सांगायचो ते फक्त धाकटीला, फोनवर, गच्चीत जाऊन, दार लोटून.

फोन गाडीला जोडायची कल्पना सुनेची. मागं एकदा गाडीत धाकटीचा फोन आला, तेव्हा घाबरून मी तो हातातून सोडला आणि तो सीटखाली गेला. वाजत राहिला. पोरानं भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली, मागून ट्रकवाला शिव्या देऊन गेला. सून म्हणाली, "बाबांचाच फोन जोडून द्या ना गाडीला. आपोआप उचलला जाईल, त्यांना काही करावं लागणार नाही." मग पोरानं अंगणात गाडी चालू करून मला पुढच्या सीटवर बसवलं. गाडीत पुढं टीव्हीसारखी छोटी काच आहे, तिच्यावर एक आकडा आला, तोच माझ्या फोनवर आला. "सारखाच आहे ना? मंग दाबा हो." मी चष्मा पुसला. खाली दोन शब्द होते, एक हो आणि एक नाही. मी त्या दोन शब्दांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असेन, कारण तो हसून म्हणाला, "बाबा, दाबा ना, काही फुटत नाही." मी हो दाबलं. गाडीनं एक बारीकसा आवाज केला. पोरगा खूश झाला. आवाज कुठून येणार आणि कोणाकोणाला ऐकू जाणार, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, जसा कानाला लावला की कानातच वाजतो, तसंच काहीतरी असेल.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही अमरावतीला गेलो. खोल्या पाहायला माणूस यायचा होता. तो आला, भिंतींवर टकटक करून पाहिलं, माझ्या ओट्यावर चावीनं ओरखडा काढून दगड कोणता ते पाहिलं, आणि सोमवारी कागद करू म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. परत निघालो तेव्हा मी मागच्या सीटवर, पट्टा लावलेला. तो पट्टा माझा मलाच सोडवता येत नाही. पुढं पोरगा आणि सून. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर जवळ आलं, आणि फोन वाजला. पण खिशात नाही, माय. सगळ्या दारांतून वाजला. कोणी काही करायच्या आत तो उचललाही गेला आणि धाकटीचा आवाज गाडीभर झाला.

"दादा, आला होता का तो माणूस? तू त्याले नाही म्हनलं का नाही?"

मी खिशातून फोन काढायला गेलो तर पट्टा आडवा आला. कसाबसा काढला, कानाला लावला. कानात काहीच नाही. आवाज माझ्या गुडघ्याजवळून येत होता, पाठीमागून येत होता. मी म्हटलं, "नंतर बोल, नंतर." ती म्हणाली, "नंतर कधी? घर गेल्यावर? इकडं तू मले रोज रडून सांगतो, करमत नाही म्हनतो, सून चहा ठेवते अन् निंघून जाते, दोन शब्द बोलत नाही म्हनतो, अन् पोरासमोर मुंडी हलवतो. तोंड काय दुकानात ठेवून आला का?" आवाज कमी करावा म्हणून मी फोनच्या कडेचं बटण दाबलं. तो वाढला. तेवढ्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "तुले तिथं कोंडल्यासारखं होते तं सांगत काहून नाही?"

आणि मग मी काय केलं असेल, सांग. तू जिनात करायचीस तेच. वरच्या ओठावरून बोट फिरवलं, मिशी दाखवली, आणि तळहात खाली दाबला. मुकादम आला, चूप. त्या मशीनच्या गोंगाटात तुम्ही बायका अशाच बोलायच्या. पाणी, सुट्टी, मुकादम, सगळ्याच्या खुणा होत्या. डबा घेऊन यायचो तेव्हा दारात उभं राहून मी त्या शिकलो, धाकटीही शिकली. समोर असती तर एका क्षणात गप्प झाली असती. पण ती तेल्हाऱ्याला होती आणि मी फोनला मिशी दाखवत होतो. पाहिलं ते सुनेनं, वरच्या आरशात. तिनं हात पुढं करून काचेवर काहीतरी दाबलं आणि धाकटी बंद झाली.

बोरगाव येईपर्यंत पोरगा नुसता गाडी चालवत राहिला. मला उतरावंसं वाटत होतं. पण पट्टा होता, दारं लॉक होती, आणि उतरून तरी जाणार कुठं. मग पोरानं चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. मागं न पाहता म्हणाला, "मले काहून नाही सांगितलं, बाबा?" मी पट्ट्याचं बटण चाचपत राहिलो. "आत्याले सांगता, मले नाही. मी काय मारतो का तुमाले?" सून म्हणाली, "चहा ठेवून मी निघून जाते, कारण मी थांबले की तुम्ही पिणं थांबवता. मला वाटायचं, मी समोर नकोच तुम्हाला." मग तिनंच विचारलं, "ते ओठावर बोट काय होतं?" मी सांगितलं. तुझं नाव निघालं, जिन निघालं, तुझ्या केसांतला कापूस निघाला. एवढा मी त्यांच्यासमोर कधी बोललो नव्हतो, आणि बोललो ते तुझ्याबद्दल, माझ्याबद्दल नाही.

तुझं एक बोलणं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. तू चुलीपुढं भाकर थापत होतीस आणि मी पाणी हवं म्हणून ओंजळ तोंडाजवळ नेली, जिनातल्यासारखी. तू भाकर तव्यावर टाकलीस, माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "इथं मशीन चालू आहे का? तोंडानं सांग." मी सांगेपर्यंत पाणी दिलं नाहीस. या घरात एकही मशीन एवढी मोठी नाही, माय, आणि तरी मी खुणाच करतो.

सोमवारचे कागद झाले नाहीत. पोरानं त्या माणसाला फोन करून नको म्हटलं. पण मला म्हणाला, "तिथं एकटं राहायचं नाही, ते बंद." म्हणजे खोल्या तिकडं कुलुपात आणि मी इकडं. किल्ली माझ्या उशीखाली असते. सून आता चहा ठेवून दाराशी थांबते आणि मला तो घाईघाईत प्यावा लागतो. बरं चाललं आहे. पण उन्हाळा आला की मला महिनाभर त्या खोल्यांत राहायचं आहे, पंखा लावून, खिडकी उघडी ठेवून. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

तू वाचायला शिकली नाहीस. मी अमरावतीहून पत्र टाकायचो ते चाळीतले मास्तर अंगणात मोठ्यानं वाचून दाखवायचे, सगळ्या बाया गोळा व्हायच्या, म्हणून मी मजेत आहे याच्यापलीकडं मी तुला कधी काही लिहिलं नाही. हे कोणी वाचून दाखवणार नाही. हे गादीखाली राहील.

पोरानं परवा विचारलं, "बाबा, तुमचा फोन गाडीतून काढून टाकू का? तुमाले अवघडल्यासारखं होते." मी पहिल्यांदाच नाही म्हटलं, स्पष्ट, तोंडानं. त्याला वाटलं मला ती सोय आवडली. उद्या तो मला दवाखान्यात नेणार आहे. गाडी चालू झाली की पोराला ऐकू जाईल असाच मी धाकटीला फोन लावणार आहे, आणि तिला म्हणणार आहे की विचार मला, उन्हाळ्यात कुठं राहायचं आहे.